भिंगारची छावणी आणि दोन यादवी

शालेय इतिहासात औरंगजेबाचा मृत्यू एका-दोन ओळींत आटोपतो. ते वाक्य वाचून झाले की मी मुलांना पुस्तक मिटायला सांगतो आणि विचारतो, ‘हा बादशहा वारला कोठे?’ दिल्ली, आग्रा, औरंगाबाद अशी उत्तरे येतात. एखादा हुशार विद्यार्थी खुलताबाद म्हणतो. त्याची कबर तेथे आहे म्हणून. वास्तविक हिंदुस्थानातील त्या काळच्या सर्वांत मोठ्या साम्राज्याचा धनी ३ मार्च १७०७ रोजी आपल्या भिंगारजवळच्या छावणीत मरण पावला. ती जागा आजही आलमगीर या नावाने ओळखली जाते. आपल्या निवासी शाळेतील कितीतरी मुले सुट्टीला घरी जाता-येता तिच्याजवळून जातात. माजी विद्यार्थीही वर्षानुवर्षे गेले आहेत. परंतु त्या एका मृत्यूतून दोन यादवी युद्धे जन्मली, एक दिल्लीच्या तख्तासाठी आणि दुसरे साताऱ्याच्या गादीसाठी, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

‘यादवी’ हा शब्द आपण सर्रास वापरतो. आपसांत लढून नष्ट झालेल्या यादवकुळावरून तो आला. ही कथा केवळ पुराणांत आहे असे समजण्याचे कारण नाही. पाली साहित्यातील घटजातकातही ती आहे. दहा भावांनी मिळवलेले राज्य त्यांच्याच वंशजांनी एकमेकांना मारून कसे धुळीस मिळवले, हे तेथे सांगितले आहे. म्हणजे गृहकलहाने राज्य जाते, हा अनुभव आपल्या देशाच्या स्मृतीत फार जुना आहे. मग तो पुन:पुन्हा का घडतो, हा इतिहासाच्या विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. माझ्यापुरते उत्तर असे की, ज्या राज्यात सत्ता एका हातातून दुसऱ्या हातात जाण्याचा सर्वमान्य नियम नसतो, तेथे निष्ठा विकत घ्यावी लागते. आणि त्या निष्ठेची किंमत राजपुत्र स्वत:च्या पदरातून देत नाहीत. ती कोणाच्या पदरातून जाते, हे भिंगारच्या छावणीपासून पाहू लागले की स्पष्ट दिसते.

औरंगजेब १६८१ च्या अखेरीस दक्षिणेत उतरला तो पुन्हा उत्तरेला गेलाच नाही. विजापूर १६८६ मध्ये आणि गोवळकोंडा १६८७ मध्ये त्याने जिंकले. १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांना पकडून क्रूरपणे ठार केले. त्याच वर्षी रायगड पडला आणि येसूबाई व सात वर्षांचे शाहू हे मोगलांच्या कैदेत गेले. युद्ध संपले असे बादशहाला वाटले असावे. ते संपले नाही. राजाराम महाराज जिंजीला गेले, संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांनी मोगली फौजांना सळो की पळो केले आणि १७०० मध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारल्यावर ताराबाईंनी आपल्या लहानग्या मुलाला गादीवर बसवून स्वत: कारभार हाती घेतला. बादशहा एक किल्ला घेई, तो पुढच्या किल्ल्याकडे वळला की मागचा किल्ला मराठे परत घेत.

त्याची छावणी हे एक फिरते शहर होते. १६९५ मध्ये कृष्णाकाठच्या गलगली येथे ही छावणी पाहणाऱ्या कारेरी या इटालियन प्रवाशाने तिचा घेर तीस मैलांचा आणि वस्ती पाच लाखांची सांगितली आहे. अशी छावणी जेथे उतरेल तेथील विहिरी, वैरण, लाकूडफाटा आणि धान्य यांची काय अवस्था होत असेल, हे आपल्या जिल्ह्यातील दुष्काळ पाहिलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको. मोगलांच्या पदरी राहिलेला व्हेनिसचा मनुची लिहितो की, दक्षिणेच्या या युद्धात दरवर्षी एक लाख माणसे आणि तीन लाख जनावरे मरत. शेते उघडी पडली, झाडे राहिली नाहीत, सर्वत्र हाडे पसरली. १७०२ ते १७०४ या काळातील दुष्काळ आणि साथीने वीस लाख लोक गेले असेही तो सांगतो. परदेशी प्रवाशांचे आकडे जसेच्या तसे धरू नयेत, हे मी विद्यार्थ्यांना नेहमी बजावतो. परंतु आकडा निम्मा केला तरी त्यातील भीषणता निम्मी होत नाही.

वाकिणखेड्याचा वेढा १७०५ मध्ये संपला, तेव्हा बादशहा आजारी पडला आणि हळूहळू मागे फिरत जानेवारी १७०६ मध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, येऊन पोहोचला. त्याच उन्हाळ्यात मराठ्यांची मोठी फौज छावणीच्या अगदी जवळ येऊन भिडली आणि तिला मागे रेटताना मोगलांची दमछाक झाली. पाव शतकाच्या मोहिमेनंतर बादशहाच्या स्वत:च्या तंबूपाशी ही स्थिती होती. सैनिकांचे पगार वर्षानुवर्षे थकले होते.

आता वारसांकडे पाहू. मोगल घराण्यात थोरल्यानेच गादीवर बसावे असा नियम नव्हता. मध्य आशियातून आणलेल्या परंपरेप्रमाणे प्रत्येक शहजाद्याचा हक्क सारखा मानला जाई. एका तख्तावर चौघांचा सारखा हक्क असेल तर निकाल कसा लागणार? ‘तख्त किंवा तख्ता’, म्हणजे सिंहासन किंवा तिरडी, ही फारशी म्हण त्याचेच उत्तर आहे. औरंगजेब स्वत: याच वाटेने आला होता. १६५८ मध्ये त्याने आग्र्याजवळ सामूगढला दाराचा पराभव केला, बापाला आग्र्याच्या किल्ल्यात कोंडले, दाराला १६५९ मध्ये आणि मुरादला १६६१ मध्ये ठार करवले. शुजा आराकानात पळून नाहीसा झाला. त्यामुळे आपल्या मागे काय घडणार, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

त्याचे तीन मुलगे हयात होते. थोरला मुअज्जम दूर पेशावरपलीकडे जमरूदला होता. आजम आणि धाकटा कामबक्ष छावणीत होते आणि त्यांचे एकमेकांशी वैर होते. अखेरच्या दिवसांत बादशहाने कामबक्षला विजापूरकडे आणि आजमला माळव्याकडे रवाना केले. आपले प्रेत अजून पडले नाही तोच छावणीत तलवारी चालतील, ही भीती त्यामागे होती. या दोघांना त्याने लिहिलेली म्हणून जी पत्रे प्रसिद्ध आहेत त्यांत पश्चात्तापाचा सूर आहे. साम्राज्याची वाटणी करून घ्यावी, अशा आशयाचे मृत्युपत्र त्याच्या उशाखाली सापडल्याचेही सांगतात. पण उशाखालच्या कागदाला कोण विचारतो! आजम मुद्दामच रेंगाळत चालला होता. बातमी कळताच तो उलट फिरला, बापाचे प्रेत खुलताबादला पाठवले आणि मार्चच्या मध्यात बकरी ईदच्या दिवशी येथेच, आपल्या नगरच्या भूमीवर, त्याने स्वत:ला बादशहा म्हणवून घेतले.

पुढे जे झाले त्यात शौर्यापेक्षा पगाराचा वाटा मोठा आहे. आजमपाशी दक्षिणेतील मुरलेली फौज होती, पण ती थकलेली आणि पगारासाठी ताटकळलेली होती. आग्र्याच्या किल्ल्यात बापजाद्यांचा खजिना होता आणि जो तेथे आधी पोहोचेल त्याला शिपाई मिळणार हे उघड होते. मुअज्जमचा मुलगा अजीम-उश-शान बंगालमधून धावत येऊन आग्र्याजवळ पोहोचला आणि खजिना मुअज्जमच्या हाती लागला. जून १७०७ च्या ऐन उन्हाळ्यात आग्र्याच्या दक्षिणेस जाजऊ येथे दोन भाऊ समोरासमोर आले. आजम आणि त्याचे बेदारबख्त व वालाजाह हे दोन मुलगे एकाच दिवशी मारले गेले. कोट्याचा रामसिंह हाडा आणि दतियाचा दलपतराव बुंदेला हे राजपूत सरदारही त्याच्या बाजूने लढताना पडले. या दलपतरावाच्या पदरी भीमसेन सक्सेना नावाचा कायस्थ कारकून होता. बुऱ्हाणपूरला जन्मलेल्या या माणसाने उभी हयात दक्षिणेच्या मोहिमांत काढली आणि आपल्या आठवणी फारशीत लिहून ठेवल्या. बादशहाच्या दरबारी इतिहासकारापेक्षा मला हा कारकून अधिक विश्वासार्ह वाटतो. महागाई, थकलेला पगार आणि उजाड गावे त्याच्या लेखणीतून सुटत नाहीत. कामबक्ष जानेवारी १७०९ मध्ये हैदराबादजवळच्या लढाईत जखमी होऊन मेला. तिघांतून एक उरला आणि तो बहादुरशहा झाला, तेव्हा त्याचे वय साठीच्या पुढे गेले होते.

हा रोग तेथे थांबला नाही. १७१२ मध्ये बहादुरशहा लाहोरला वारला आणि त्याच्या चार मुलांत पुन्हा तेच झाले. उरलेला जहांदारशहा वर्षभरात मारला गेला. त्याला मारून आलेला फर्रुखसियर १७१९ मध्ये सय्यद बंधूंनी पदच्युत केला आणि त्या एकाच वर्षी दिल्लीच्या तख्ताने चार बादशहा पाहिले.

येथे मला नेहमी रोमची आठवण होते. इसवी सन ६९ हे वर्ष रोमच्या इतिहासात चार सम्राटांचे वर्ष म्हणून ओळखले जाते. गाल्बा, ओथो, व्हिटेलियस आणि व्हेस्पेशियन हे एकामागून एक त्या वर्षी सम्राटपदावर होते. पहिल्या तिघांचा अंत त्याच वर्षी झाला. त्यांना गादीवर बसवणारे आणि उतरवणारे सैनिकच होते. इसवी सन १९३ मध्ये तर सम्राटाच्या अंगरक्षक दलाने साम्राज्याचा चक्क लिलाव केला आणि डिडियस ज्युलियानस नावाच्या श्रीमंताने ते बोली लावून घेतले. दोन महिन्यांतच त्याचा शिरच्छेद झाला.

पण रोमची खरी यादवी याच्या आधीची, ते प्रजासत्ताक असतानाची आहे आणि आपल्या विषयाला तीच अधिक जवळची आहे. आरंभी रोमचा सैनिक हा स्वत:ची जमीन असलेला शेतकरी असे. युद्ध संपले की तो घरी जाई. इसवी सनपूर्व १०७ मध्ये मारियस या सेनापतीने भूमिहीनांना फौजेत घेतले. त्यांना घर नव्हते, शेत नव्हते. युद्ध संपल्यावर जमिनीचा तुकडा मिळेल की नाही, हे सर्वस्वी सेनापतीवर अवलंबून राहिले. साहजिकच सैनिकांची निष्ठा रोमकडून सेनापतीकडे वळली. इसवी सनपूर्व ८८ मध्ये सुल्लाचे सेनापतिपद काढून मारियसला दिले गेले, तेव्हा सुल्लाने आपलीच फौज आपल्याच राजधानीवर नेली. पुढे विजयी झाल्यावर त्याने विरोधकांच्या नावांच्या याद्या चौकात लावल्या, त्यांना मारण्याची मुभा दिली आणि त्यांच्या जप्त जमिनी आपल्या सैनिकांना वाटल्या. इसवी सनपूर्व ४९ मध्ये सीझरने रुबिकॉन नदी ओलांडली ती याच वाटेवरून. सीझरच्या खुनानंतर ऑक्टेव्हियन आणि अँटनी यांनी आपल्या सैनिकांना अठरा नगरांच्या जमिनी देऊ केल्या. त्या जमिनी ओसाड नव्हत्या. तेथे कसणारी माणसे राहत होती. ती देशोधडीला लागली. इसवी सनपूर्व ३१ च्या ॲक्टियमच्या लढाईनंतर ऑक्टेव्हियन एकटा उरला आणि ऑगस्टस या नावाने सम्राट झाला. सिनेट, निवडणुका, अधिकारपदे सारे नावापुरते राहिले आणि प्रजासत्ताक मात्र गेले.

आता दुसरी यादवी. तिचा धागा पुन्हा भिंगारच्या छावणीत सापडतो, कारण शाहू महाराज आणि येसूबाई बादशहाच्या छावणीबरोबरच कैदेत होते. आजम उत्तरेला निघाला तेव्हा त्यांनाही बरोबर घेऊन गेला. मे १७०७ मध्ये भोपाळजवळ दोराहा येथील मुक्कामातून शाहूंची सुटका झाली. हा सल्ला जुल्फिकारखानाचा होता. हा खान दक्षिणेत वर्षानुवर्षे लढला होता. मराठ्यांना रणात हरवता येत नाही, पण एकमेकांवर सोडता येते, हे त्याला उमगले होते. येसूबाईंना ओलीस म्हणून मागे ठेवण्यात आले. पंचविशीतला हा राजपुत्र थोड्याशा सोबत्यांनिशी नर्मदा उतरून स्वराज्याकडे निघाला.

त्याच्यासमोर प्रश्न होता तो मोठा अवघड. गादीवर ताराबाईंचा मुलगा शिवाजी होता. शाहू हे थोरल्या शाखेचे, संभाजी महाराजांचे पुत्र. ताराबाईंचे म्हणणे थोडक्यात असे की, संभाजी महाराजांचे राज्य शत्रूने घेतले. आज जे आहे ते माझ्या पतीने आणि मी लढून मिळवलेले आहे, त्यावर शाहूंचा हक्क कसा? आपल्या मराठी वाङ्मयात या वादात एका बाजूला खलनायिका आणि दुसऱ्या बाजूला साधुपुरुष उभा करण्याची खोड आहे. मला ती मान्य नाही. हिंदुस्थानच्या बादशहाशी सात वर्षे झुंजून ज्या विधवा स्त्रीने राज्य टिकवले, तिचा दावा पोकळ नव्हता. आणि अठरा वर्षे बापाच्या मारेकऱ्यांच्या कैदेत काढलेल्या मुलाचा दावाही पोकळ नव्हता. दोन्ही दावे खरे असताना निवाडा करणारी कोणतीच व्यवस्था नव्हती, हे खरे दुखणे होते.

ताराबाईंनी शाहूंना तोतया ठरवले. तेव्हा परसोजी भोसले यांनी त्यांच्यासोबत एका ताटात जेवून ते खरे असल्याची ग्वाही दिली. राजाच्या खरेपणाचा पुरावा ताटावर ठरावा! ज्या समाजाला शतकानुशतके कोणाच्याही ताटाजवळ येऊ दिले गेले नाही, त्या समाजातील माझ्यासारख्याला ही हकिकत वाचताना क्षणभर थांबावेसे वाटते.

वाटेत पारद गावाच्या पाटलाने शाहूंना अडवले आणि लढाईत तो मारला गेला. त्याच्या विधवेने आपले तान्हे मूल शाहूंच्या पायाशी आणून ठेवले. पहिली फत्ते झाली म्हणून त्या मुलाचे नाव फत्तेसिंह ठेवले गेले आणि त्याच्यापासून अक्कलकोटचे घराणे सुरू झाले. ही गोष्ट उदारपणाची म्हणून सांगतात आणि ती तशी आहेही. परंतु त्या पाटलाने काय गुन्हा केला होता? गादीवर असलेल्या राजाशी तो इमान राखत होता, एवढेच.

अहमदनगरला काही काळ मुक्काम करून शाहू पुढे निघाले आणि १२ ऑक्टोबर १७०७ रोजी भीमेकाठी खेड येथे दोन मराठी फौजा समोरासमोर उभ्या राहिल्या. ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव ऐन वेळी शाहूंना मिळाले आणि परशुरामपंत प्रतिनिधींना साताऱ्याकडे पळावे लागले. ताराबाईंकडे इमानाची शपथ वाहिलेले शंकराजी नारायण सचिव यांना शाहूंविरुद्ध शस्त्र धरवेना आणि शपथही मोडवेना. त्यांनी आत्मघात करून घेतला. या साऱ्या प्रकरणात मला सर्वांत अधिक चटका लावणारी हकिकत ती आहे. जानेवारी १७०८ मध्ये शाहूंचा साताऱ्यास राज्याभिषेक झाला. ताराबाईंनी पन्हाळा-कोल्हापूरकडे वेगळी गादी मांडली. १७१४ मध्ये राजसबाईंनी ताराबाईंना व त्यांच्या मुलाला कैद करून आपला मुलगा संभाजी याला त्या गादीवर बसवले. म्हणजे यादवीच्या पोटात आणखी एक यादवी झाली. अखेर एप्रिल १७३१ मध्ये वारणेचा तह होऊन दोन राज्यांची हद्द ठरली. चोवीस वर्षे लागली. येसूबाई त्याआधी, १७१९ मध्ये, कैदेतून परत आल्या. त्यांना सोडवायला दिल्लीला गेलेल्या मराठी फौजेतील दीड हजारांच्या आसपास माणसे तेथील दंगलीत मारली गेली.

या चोवीस वर्षांत राज्याच्या रचनेत जो बदल झाला, तो मला लढायांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. शिवाजी महाराजांचे धोरण शक्यतो रोख पगार देण्याचे होते. सरदाराला जमीन वंशपरंपरेने तोडून दिली की तो राज्याचा राहत नाही, हे त्यांनी ओळखले होते. जिंजीच्या संकटात राजाराम महाराजांना ते धोरण सोडावे लागले, कारण औरंगजेब वतनाचे आमिष दाखवून देशमुखांना फोडत होता. १७०७ नंतर हे आमिष शत्रूने दाखवण्याची गरज उरली नाही. आता दोन छत्रपती होते आणि दोघांनाही सरदार हवे होते. सरदाराने एका राजाकडून सनद घ्यायची आणि ती अपुरी वाटली की दुसऱ्याकडे जायचे. धनाजींचा मुलगा चंद्रसेन जाधव १७११ मध्ये शाहूंना सोडून ताराबाईंकडे गेला आणि पुढे निजामाला मिळाला. एकाच गावाचे वतन दोन राजांनी दोन भाऊबंदांना दिल्याने पिढ्यान्‌पिढ्या चाललेले कज्जे मराठेशाहीच्या कागदपत्रांत जागोजागी आढळतात. सरंजाम वंशपरंपरेचे झाले, सरदार आपापल्या मुलखाचे राजे झाले आणि छत्रपती साताऱ्यात नामधारी उरले. मारियसच्या सैनिकाला जमीन जशी सेनापतीकडून मिळे, तशी मराठी शिपायाला भाकरी आता त्याच्या सरदाराकडून मिळू लागली.

आणि ही सारी वाटणी ज्या गावावर होई त्या गावात काय घडत असे? फौज कोणत्याही राजाची असो, ती आली की गावावर वेठ पडे. वाट दाखवणे, पुढच्या गावापर्यंत ओझे पोहोचवणे, घोड्यांना वैरण घालणे, लाकडे फोडणे ही कामे वेठीत महारांच्या वाट्याला येत. राजा बदलला म्हणून वेठ बदलत नसे. वरच्या वतनदाराला मिळे ते इनाम आणि खालच्या महाराला मिळे तेही कागदोपत्री वतनच. पण एकाचे वतन म्हणजे हक्क आणि दुसऱ्याचे वतन म्हणजे कधीही हाक मारली तरी धावण्याची सक्ती. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच सक्तीविरुद्ध. आपल्यापैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांनी ही वेठ प्रत्यक्ष सोसलेली आहे. बखरींत सेनापतींची नावे आढळतात. वाट दाखवणाऱ्याचे नाव लिहिण्याची पद्धत नव्हती.

बौद्ध साहित्यात सत्तासंघर्षाकडे पाहण्याची एक वेगळी नजर आढळते. अजातशत्रूने पिता बिंबिसाराचा वध केला, हे आपण धम्मवर्गात ऐकतो. महावंस हा सिंहली पाली ग्रंथ पुढचे सांगतो. अजातशत्रूला त्याच्या मुलाने मारले, त्याला त्याच्या मुलाने, असे नागदासकापर्यंत चालले. शेवटी प्रजा संतापली, हा पितृघातकी वंश आहे असे म्हणून तिने नागदासकाला घालवले आणि सर्वांच्या संमतीने शिशुनाग नावाच्या अमात्याला राज्य दिले. कथेतील तपशील कितपत ऐतिहासिक आहेत यावर अभ्यासकांचे मतभेद आहेत. तोच महावंस अशोकाने नव्व्याण्णव भाऊ मारल्याचे सांगतो आणि अशोकाच्या पाचव्या शिलालेखात तर त्याच्या भावाबहिणींच्या घरांचा उल्लेख आहे. तेव्हा ग्रंथ वाचताना सावध राहिले पाहिजे. तरीही राजा कोण असावा हे प्रजा ठरवू शकते, ही कल्पना त्या ग्रंथकाराला सुचली आणि नोंदवावीशी वाटली, हे मोलाचे आहे. वज्जींविषयी भगवान बुद्धांनी महापरिनिब्बान सुत्तात जे सांगितले तेही याच जातीचे. ते वारंवार एकत्र जमतात, एकमताने बसतात व उठतात, ठरलेले नियम मोडत नाहीत, तोवर त्यांची हानी होणार नाही. अजातशत्रूच्या वस्सकार मंत्र्याने त्यांच्यात फूट पाडली आणि मग वैशाली पडली. जुल्फिकारखानाने वस्सकाराचे नावही ऐकले नसेल. युक्ती मात्र तीच.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात बाबासाहेबांना हा सारा इतिहास समोर दिसत होता. सिंधच्या दाहिर राजाचे सेनापती शत्रूला कसे मिळाले येथपासून त्यांनी उदाहरणे दिली, रक्तरंजित मार्ग सोडून देण्यास सांगितले आणि राजकारणातील व्यक्तिपूजा हुकूमशाहीकडे नेते असा इशारा दिला. सत्तांतराचा नियम ज्या देशात तलवार होती, त्या देशात प्रत्येक प्रौढाच्या हाती मत देणे ही किती मोठी गोष्ट आहे, हे जाजऊ आणि खेड समजल्याशिवाय पुरते कळत नाही.

नगरच्या भूमीने हा खेळ पुन्हा एकदा पाहिला. पेशवाईच्या अखेरीस गादीसाठी नाना फडणवीस, दुसरा बाजीराव आणि दौलतराव शिंदे यांची कारस्थाने चालली. शिंद्यांच्या पाठिंब्याची किंमत म्हणून अहमदनगरचा किल्ला १७९७ मध्ये त्यांच्याकडे गेला. वर्षाच्या अखेरीस शिंद्यांनी नानांना पकडले आणि याच किल्ल्यात कोंडले. फौजेच्या थकलेल्या पगारासाठी सर्जेराव घाटग्याने पुण्यात सावकारांना छळून पैसा काढला. महादजी शिंदे यांच्या विधवांनी दौलतरावांविरुद्ध फौज उभी केली. १८०२ मध्ये होळकरांनी हडपसरला पेशवे आणि शिंदे यांचा पराभव केला, बाजीराव इंग्रजांच्या आश्रयाला गेला आणि पुढच्याच वर्षी, १२ ऑगस्ट १८०३ रोजी, वेलस्लीने हा किल्ला घेतला. तो काही काळ पेशव्यांकडे परत आला; १८१७ च्या पुणे तहाने कायमचा गेला.

यादवीच्या काळात वाटलेल्या सनदांचे आयुष्य मात्र राज्यांपेक्षा लांब निघाले. १८५२ मध्ये इंग्रजांनी इनाम कमिशन नेमले, तेव्हा गावोगावच्या इनामदारांना पेट्यांतून जुने कागद काढून आपला हक्क सिद्ध करावा लागला आणि अनेकांची इनामे खालसा झाली. महारांच्या वतनाला असा धक्का कोणी लावला नाही, कारण राबणाऱ्यांची गरज कंपनी सरकारलाही होती. ते वतन रद्द व्हायला स्वातंत्र्यानंतरचा, मुंबई राज्याचा १९५८ चा कायदा यावा लागला.